शिंपडे, बुडवे आणि आमचे सोमाजी

वैनगंगेचा घाट, तालुका गडचिरोली
मार्च १९५७

तीर्थस्वरूप बापूजीभाऊ यांना धाकट्या गुणाबाईचा प्रभूच्या नावात सलाम. (‘तीर्थस्वरूप’ लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. तीर्थ म्हणजे पाणी, आणि सध्या आमच्या गावात पाण्याचं नाव काढलं की दोन माणसं भांडायला उठतात. पण तुम्ही वडील भाऊ, त्यात चांद्याच्या मंडळीचे पाळक, म्हणून लिहिलंच.) वहिनीचा दमा कसा आहे? मागे सांगितलेला अडुळशाचा काढा देता की नुसती प्रार्थना करता? दोन्ही करा. इकडे सगळे खुशाल. मोह पडायला लागला आहे, पहाटे बाया टोपल्या घेऊन रानात जातात. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला असं मास्तरांनी सांगितलं. आम्हाला कळलंसुद्धा नाही. कुणी शिंपडलं नाही, कुणी बुडवलं नाही, आणि आम्ही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो. देवाच्या राज्यात जाणं मात्र इतकं सोपं राहिलेलं नाही. ते कसं, तेच लिहायला बसले आहे.

नाताळानंतर आमच्याकडे सिरोंचाकडचे एक उपदेशक आले. नाव पोचय्या. वय तरुण, अंग काडीसारखं, आवाज मात्र नगाऱ्यासारखा. बोलताना मराठीत तेलुगू मिसळतात आणि मला अम्मा म्हणतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी त्यांच्यावर खार खाऊन आहे. (थोडी होते.) पहिल्याच रविवारी ते म्हणाले की कपाळावर चार थेंब शिंपडणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाला पुरणं आणि नव्याला वर काढणं, तेव्हा माणूस पाण्याखाली पूर्ण गेलाच पाहिजे. मग त्यांनी मंडळीला विचारलं, “मुठभर माती टाकली म्हंजे मुडदा पुरला होते काय?” मला उत्तर घरी आल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे.

त्या दिवसापासून मंडळीचे दोन भाग झाले. एकांना शिंपडे म्हणतात, दुसऱ्यांना बुडवे. शिंपडे उजवीकडे बसतात, बुडवे डावीकडे. गाणं म्हणताना बुडवे एक ओळ पुढे धावतात आणि आमेनला येऊन आमची वाट बघत थांबतात. विहिरीवर शेजारची रुखमाबाई माझ्या पाण्याच्या गुंडाला आपला दोर देईना, म्हणाली की तुमाले चार थेंबात भागते ना. (ही रुखमाबाई लग्नाच्या दिवसापासून माझी मैत्रीण. तिची पहिली दोन बाळंतपणं मी केली.) म्हाताऱ्या मंगरूनं, जो आता आमच्या मंडळीतला सगळ्यात जुना माणूस, दोन्ही बाजूंना समजावून पाहिलं. तो म्हणाला की आपण ढिवर लोक, जन्मभर नदीत मासे धरले, पाण्यानं तारण होत असतं तर आपण प्रेषितांच्या आधी तरलो असतो. दोन्ही बाजू त्याच्यावर चिडल्या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण एका बुधवारच्या प्रार्थनेला रुखमाबाईनं विचारलं की जे नुसतं शिंपडून घेऊन मरून गेले, त्यांचं काय. विचारताना तिनं खिडकीबाहेर पाहिलं. प्रार्थनाघराच्या खिडकीतून आपली कबरस्तानाची जागा दिसते. तिथं तिची सासू आहे आणि तुमचे मेहुणे सोमाजी आहेत. (त्यांचं नाव घ्यायची सवय मला ते गेल्यावरच लागली.) पोचय्यांनी गोड खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं, पण तो माणूस खोटं बोलत नाही, हीच त्याची अडचण आहे. ते म्हणाले की आज्ञा स्पष्ट आहे, विश्वास धरील आणि बाप्तिस्मा घेईल त्याचं तारण होईल. पुस्तकात आहे त्याच्यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही.

मी उभी राहिले. प्रभूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला कुणी बुडवलं, असं विचारलं. त्याला तर शिंपडलंसुद्धा नाही, आणि तरी प्रभू त्याला म्हणाला की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. उजवीकडचे सगळे हो हो म्हणाले. पोचय्या माझ्याकडे वळले.

“अम्मा, चोराले संधी नव्हती,” ते म्हणाले. “त्याचे हात खिळले होते. ज्याले संधी होती अन् त्यानं ते केलं नाई, त्याचं मी काय सांगू?”

मी पदर खोचला आणि बाहेर निघून आले. शिंपड्यांना वाटलं गुणाबाईला राग आला. वाटू दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं की नदी आटेल, मोह पडायचा थांबेल, पण मी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणार नाही. पोचय्या स्वतः समजवायला आले, त्यांना चहा दिला आणि हेच सांगितलं. मग त्यांनी मंगरूला पाठवलं, त्याला चहा न देता हेच सांगितलं.

मग बाप्तिस्म्याचा दिवस ठरला. घाटाच्या वरच्या अंगाला डोह आहे, तिथं. मी जाणार नव्हते, पण नदी काही बुडव्यांच्या बापाची नाही, म्हणून काठावरच्या खडकावर जाऊन बसले. पोचय्या पांढरा सदरा घालून छातीभर पाण्यात उभे. तीन-चार जण नीट बुडाले, नीट निघाले, मला मान्य आहे की ते बघताना अंगावर काटा आला. लोक काठावर गात होते. मग रुखमाबाईची पाळी आली. तुम्हाला ती आठवते ती लग्नातली बारीक रुखमा. आता तशी नाही. पोचय्यांनी तिच्या पाठीखाली हात घातला, मोठ्यानं म्हणाले, “पित्याच्या आणि पुत्राच्या,” आणि तिला मागे कलवली. तिच्याबरोबर तेही कलले. पायाखालची रेती सरकली असावी. दोघंही दिसेनासे झाले.

रुखमाबाई दोन हात मारून काठाला आली, ढिवराचीच पोर ती. पण उपदेशक वर येईनात. काठावर गाणं चालूच होतं, कारण लोकांना वाटलं की सिरोंचाकडची रीत अशीच लांब असेल. मला डोहाच्या मधोमध पांढरा सदरा दिसला आणि मी लुगड्यानिशी उडी घेतली. पार खाली जावं लागलं. केसांना धरून वर ओढलं, काठावर पालथं घातलं, पाठीवर बुक्क्या मारल्या. (दोन-तीन बुक्क्या गरजेपेक्षा जास्त होत्या. माणूस आहे मी.) पोटातली वैनगंगा बाहेर आली आणि त्यांनी डोळे उघडले.

त्यांनी श्वास घेतला न घेतला तोच माझ्या डोक्यावर वाद सुरू झाला. डावीकडचे म्हणाले की गुणाबाई सगळ्यांसमोर पाण्याखाली पूर्ण गेली आणि वर आली, झाला तिचा बाप्तिस्मा. उजवीकडचे म्हणाले की तिच्यावर तीन नावं कुठी घेतली? रुखमाबाईच्या बाबतीतही अडलंच, कारण पवित्र आत्म्याचं नाव येण्याआधीच उपदेशक बुडाले होते. ती म्हणाली की मी पाण्याखाली ऐकलं. मंगरूनं विचारलं की काय ऐकलं. ती म्हणाली, “बुडबुडे होते, पण अर्थ तोच होता.” मी ओल्या लुगड्यानं थरथरत उभी होते, मला कुणी कोरडं वस्त्र दिलं नाही. शेवटी मीच सांगितलं की माणूस वाचवायला उडी घेतली तो बाप्तिस्मा नव्हे, आणि घरी आले.

पोचय्यांना त्या रात्रीपासून ताप भरला. माझ्याच घरी खाट टाकली, कारण बुडव्यांपैकी कुणाच्या घरी जागा नव्हती. पेज पाजली, कपाळावर ओली पट्टी ठेवली. (शिंपडणंच ते, पण आजाऱ्याला टोमणा मारू नये म्हणून बोलले नाही.) ताप उतरल्यावर एका दुपारी ते भिंतीकडे तोंड करून बोलले. त्यांची माय केव्हाच गेली. येशूचं नाव घेत गेली, पण गावाच्या भीतीनं पाण्यात कधी उतरली नाही. “मी प्रत्येक गावी तेच सांगतो, अम्मा, अन् प्रत्येक गावी मले तीच दिसते.” मी म्हटलं, मग सांगता काऊन? ते म्हणाले, “पुस्तकात आहे म्हणून.” मला त्यांची कीव आली आणि आदरही वाटला. आम्ही दोघांनीही आपापलं मत बदललं नाही. ते अजून म्हणतात बुडायला पाहिजे, मी अजून म्हणते नाही. पण आता ते माझ्या हातची आंबील मागून पितात.

तर असं आहे. माझा निश्चय कायम आहे, हे तुमच्या मंडळीतही सांगा. वहिनीला सलाम, लेकरांना आशीर्वाद.

तुमची बहीण,
गुणाबाई

ता. क. रुखमाबाईनं मला पुन्हा दोर दिला. ती स्वतःला पूर्ण बुडालेली समजते आणि पहिल्या ओळीत बसते.

आणखी ता. क. कागद दुमडला होता, पुन्हा उघडला. तुमचे मेहुणे गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “गुणा, माझ्यावर पाणी पडलंच नाई.” मला वाटलं तहान लागली, मी पेला आणला. मग त्यांनी सांगितलं. आपल्या सगळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीला पूर होता आणि पाद्रीसाहेब पलीकडच्या काठावर होते. सोमाजी आपल्याला डोंग्यातून नेत होते, खेपेमागून खेप. शेवटची खेप उतरवून, डोंगा बांधून ते वर आले तेव्हा शेवटची प्रार्थना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले. ते येऊन रांगेत उभे राहिले. डोळे उघडल्यावर सगळ्यांना वाटलं की ते पहिल्यापासून तिथंच होते. पाणी चढत होतं, लोकांना परत न्यायचं होतं, त्यांनी तोंड उघडलं नाही. पुढे लाज वाटली. मग त्यांना मंडळीच्या कारभाराला वडील म्हणून नेमलं, मग तर बोलायची सोयच राहिली नाही.

म्हणजे संधी होती, भाऊ. चोरासारखे हात खिळलेले नव्हते. मी शिंपडण्याच्या बाजूनं इतकी भांडते, आणि त्यांना तर तेही मिळालं नाही. त्यांना एकदाही न मिळालेलं पाणी मी दोनदा घेणार नाही, एवढाच माझा निश्चय. बाकी सगळं वादापुरतं.

शेवटचा ता. क. तुम्ही स्वतः या. वचनं लिहून पाठवू नका, ती माझ्याकडे आहेत. समोर बसून पाळक म्हणून सांगा, ते तिथं, प्रभूजवळ, आहेत की नाहीत. उत्तर ‘आहेत’ असेल तर एक दिवस राहून जा. ‘नाहीत’ असेल तर जास्त दिवसांचे कपडे आणा.