नव्याचे पाय

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचा. सहलीच्या होडीवर गाइडची नोकरी, राहायला मालकांच्या बेटावरची खोली, खिडकीखाली पाणी. दोन्ही काठांची झाडं इतकी वाकलेली, की होडी हिरव्या बोळातून जाते. पाहुण्यांना बगळे दाखवायचे आणि गोड बोलायचं. तोंडाची टकळी मला जन्मजातच आहे. इथली एक रीत मालकांनी सांगितली: अरुंद वळणावर सगळ्यांनी आत बसायचं आणि नव्या माणसाने पुढे बसून पाण्यात पाय सोडायचे. सोडले. कुणीतरी हळूच पाय धुतंय असं वाटलं. गुदगुल्या झाल्या, मजा आली.

६ तारीख, गुरुवार
पायांवरच्या सुरकुत्या जातच नाहीत. आज वळणावर पाय वर घेतले, तर इंजिन चालू असून होडी जागची हलेना. मालकांनी हसत माझे गुडघे खाली दाबले. पाय पाण्यात गेले, होडी सुटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

१० तारीख, सोमवार
करंगळीचं नख गेलं. दुखलं नाही, याचीच भीती वाटते. सुकाणूवाला बूट कधी काढत नाही. आज माझ्यापुढे काढले. बोटंच नाहीत. म्हणाला, नव्याचे पाय पाण्यात गेले की जुना सुटतो. त्याने सख्ख्या मेहुण्याला आणलं होतं. बहीण अजून त्यालाच विचारते, ह्यांचा फोन का लागत नाही. सांगताना तो शेंगा खात होता.

१३ तारीख, गुरुवार
शहराच्या धक्क्यावर उतरून पळालो. पाय सुकले तशी कातडी सालीसारखी सुटली, पाय ठणकायला लागले. रांगत होडीत परतलो. पाय पाण्यात घातले तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. मालकांनी विचारलं, धाकटा भाऊ आहे ना तुला?

१४, शुक्रवार
धाकट्याला फोन केला. म्हटलं, इथे स्वर्ग आहे, नोकरीही आहे. खुळा खूश झाला. मला रडू आलं. पण जीव कुणाला नको असतो —

१७, सोमवार
धाकटा आला. आईलाही घेऊन आला. तिने कधी काय बघितलंय, म्हणाला —

मी मागे बसून लिहितोय, पाय बादलीत. वळण आलं. मालकांनी धाकट्याला पुढे बोलावलं, पण त्याला होडी लागलीय, ओकतोय. आई म्हणाली, राहू दे त्याला, मी बसते —

चपला शेजारी नीट ठेवल्यात. वळून माझ्याकडे बघून हसली —

माझे पाय दुखायचे थांबले. बोटं हलतायत.

हाक मारली तर ती पाय वर घेईल. मग माझे —

आई विचारतेय, अरे, खाली कोण आहे. सांगितलं, मासे असतील, बस तू, अजून थोडा —