मामंजी नवव्या भागातच मेले

३ ऑगस्ट

प्राचीनं तक्ता पाठवला. चाळीस भाग, चार रंग! तारामतीचं दुःख पिवळं, मामंजींची कारस्थानं लाल, नवरा राखाडी (तो मालिकेतही राखाडीच होता) आणि हिरवं म्हणजे 'मनोमीलन'. शाळेपासूनची मैत्रीण खरी, पण हिच्यासोबत गोष्ट लिहायची म्हणजे तिच्या आण्णांच्या दुकानात पंपाचे सुटे भाग मोजत बसायचं.

'तालमीतली तारामती' टीव्हीवाल्यांनी मध्येच बंद केली. सून आखाड्यात उतरणार, त्याच्या आदल्या दिवशी! कोल्हापूर दाखवायचं म्हणून तिन्हीत्रिकाळ तांबडा रस्सा, आणि तारामती म्हणते, "मी येते हं!" येते? आमच्याकडं पोरी "येतो" म्हणतात. (लिहिताना आम्ही शहाण्यासारखं 'येते' लिहितो, ते वेगळं.) तर पुढची गोष्ट आम्हीच लिहायची ठरवली. एक भाग तिचा, एक माझा, आणि अॅपवर टाकायचा. लोक वाचतात!

७ ऑगस्ट

लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावते. घरी येऊन पुन्हा लेबलं? माझं साधं – बसायचं आणि तारामतीला विचारायचं, बाई, आज काय करतेस?

प्राचीला हे सांगितलं तर म्हणाली, "आणि ती उत्तर देत्या?"

"देत्या की!"

"मग तिलाच लिहू दे. तू कशाला पायजेस?"

१४ ऑगस्ट

मामंजींना मारलं. मारायचं नव्हतं, खरंच! जिना उतरत होते, पायरी ओली होती, माझं वाक्य संपेपर्यंत खाली पोचले. वाचक खूश. तासाभरात बदाम, टाळ्या, एकानं पेढे पाठवले – चित्रातले.

मग प्राचीचा फोन.

"संघप्रिया, अगं ते चाळिसाव्या भागात तिच्या पाया पडणार हुते!"

"पडले की. जिन्यावरून."

हसली नाही.

"माझे एकतीस भाग गेले. त्यांच्याशिवाय कारस्थान कोण करणार? तो राखाडी?"

१५ ऑगस्ट

मेसेज आला. "तुझं तू बघ." पूर्णविरामासकट.

२९ ऑगस्ट

एकटी लिहितेय. काय मोकळं वाटतंय! गगनबावड्याच्या धुक्यात गाडी बंद पडली, बिबट्या आला, जुळी बहीण सापडली. जुळी बहीण कुठून आली ते मलाही माहीत नाही. रंग नाही, रकाना नाही. प्राची प्रत्येक भाग वाचते – अॅपवर नाव दिसतं. प्रतिक्रिया शून्य. जळू दे!

१० सप्टेंबर

झुंबरबाई नावाची कुणी वाचक आहे. तिनं लिहिलंय, "तारामती अकराव्या भागात पोटुशी हुती. सतराव्यात कुस्ती जिंकली. बाळ कुठाय?"

बाळ विसरले! मी! रोज गरोदर बायकांचे रिपोर्ट हातातून जातात माझ्या!

"पुढं कळेल," असं उत्तर दिलं. कुणाला कळेल, देव जाणे. तेव्हापासून बसते, तारामतीला विचारते. बया तोंड फिरवते.

२१ सप्टेंबर

नाक मुठीत धरून दुकानात गेले. प्राची तक्ताच करत होती, पण स्वतःच्या साखरपुड्याचा. मुलगा जयसिंगपूरचा, जिनेंद्र, इंजिनियर. मला आत्ता कळतंय! रंग तेच. हिरवंही तेच.

अभिनंदन राहिलं बाजूला, मी म्हटलं, "तुझ्या तक्त्यात बाळाला जागा हाय का गं?"

वर बघितलं नाही. "बाळ आजोळी लपवून ठेवलंय म्हण. मामंजींच्या भीतीनं."

"मामंजी मेले."

"म्हणून तर आता आणायला चालल्या."

दोन वाक्यांत! मी इतके दिवस डोकं आपटतेय, आणि ही स्वतःचे रकाने भरता भरता! आभार मानायचे सोडून तोंडातून गेलं, "लग्नपण असंच करणार? पिवळं संपलं की हिरवं?"

गल्ल्यावरचे आण्णा बघायला लागले. प्राचीनं लॅपटॉप मिटला. "काय पायजे असंल तर सांगा, पावणं. न्हाईतर गिऱ्हाईक थांबल्यात."

मला. पावणं!

५ ऑक्टोबर

साखरपुड्याचं आमंत्रण आलं. आण्णांच्या फोनवरून. तिच्या नाही.

बाळ आजोळहून आणलं. वाचक म्हणतात, काय डोकं! कुणाचं डोकं, ते मी लिहिलं नाही.

१२ ऑक्टोबर

आज साखरपुडा. गेले नव्हते. दुपारी दारात प्राची! भरजरी साडी, पायात चप्पल नाही. जिनेंद्रनं म्हणे सगळ्यांसमोर स्वतःची फाइल काढली – घर कधी, मूल कधी, हिनं दुकान कधी सोडायचं. ही उठली ती थेट रस्त्यावर, मिळाली ती रिक्षा केली. "आता काय करणार?" मी विचारलं. "म्हाईत न्हाय," म्हणाली. मग मला आण्णांचा फोन आला. उचलला. "प्राची आता हितंच ऱ्हाणार," माझ्या तोंडून गेलं. "आणि मग पुढं?" आण्णांनी विचारलं. पुढचं वाक्य माझ्याकडं नव्हतं.