राजाच्या परवानगीची वाट

२६ ऑक्टोबर १८२४
अपुरिमाक नदीच्या काठी मुक्काम. सेनापतींचा हुकूम आला – बायका नदीच्या अलीकडच्या काठीच ठेवायच्या! फक्त लग्नाच्या बायका नदी पार करणार. बाकीच्यांमुळे म्हणे फौज मंदावते. मंदावते? शिपाई धापा टाकत मुक्कामी पोचतो तेव्हा या बायका कधीच पुढे येऊन बसलेल्या असतात. चुली पेटलेल्या, बटाट्याचं सार रटरटत असतं. आमच्या फौजेला दुसरा मुदपाकखाना आहे कुठे? हे मी बोललो का? छे! सलाम ठोकून बाहेर पडलो.

असुन्ताला कसं सांगू? इतकी वर्षं माझ्यामागून डोंगर तुडवतेय. आणि आता सहावा महिना लागलाय.

२७ ऑक्टोबर
फौजेच्या पाद्र्यांना, अन्सेल्मोंना, कळलंच. "फेर्मिन, अरे, आत्ता लग्न लावून टाकतो. दोन साक्षीदार आण, झालं!"

मी म्हटलं, अधिकाऱ्याला राजाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नाही. अर्ज माद्रिदला गेलाय. उत्तर यायचंय.

पाद्री भडकले. "निम्म्या अधिकाऱ्यांनी गुपचूप उरकलंय. राजा काय तंबूत डोकावायला येणार आहे?"

नियम म्हणजे नियम, असं ऐटीत सांगितलं. खरं कारण निराळंच – बंडखोरांविरुद्धची ही लढाई जिंकलो तर मेजर होईन. बिनपरवानगीचं लग्न बाहेर आलं तर ते हुकेल. आणि स्पेनमधल्या, नवारातल्या घरी काय सांगू, डोंगरातली, क्वेचुआ बोलणारी बायको केली म्हणून? लिहितानाही लाज वाटते. पण आहे ते आहे.

संध्याकाळी असुन्ताला सांगितलं. ती मक्याचे दाणे सोलत राहिली. मग म्हणाली, "राजाला विचारलंत. मला कधी विचारलंत का हो?"

मी तलवारीचा पट्टा आवळत उठलो. ती हसली. "जा, कप्तानसाहेब. मोजे वाळलेत, तेवढे घेऊन जा."

२८ ऑक्टोबर
नदी पार केली. मागचा दोरांचा पूल तोडायचा हुकूम मीच दिला. पलीकडे बायका नुसत्या उभ्या होत्या. माझा सार्जंट मातेओ हुआमान शेजारी होता. त्याची बायको गेल्या साली तापाने गेली. म्हणाला, "साहेब, आज जेवायचं काय?" त्याच्यावर उगाच खेकसलो.

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस. मेलेल्यांसाठी गोड पावाच्या बाहुल्या भाजायच्या असतात – भाजणार कोण? शिपाई भूक मारायला कोकाची पानं चघळत बसलेत. मी जवळून गेलो की पाठ फिरवतात.

४ नोव्हेंबर
फौजेतून पळापळ सुरू. पळणाऱ्यांवर पहारा बसवला. पहारेकरीच पळाले!

७ नोव्हेंबर
मातेओ गेला. आणि सांगून गेला – अधिकाऱ्याला सांगून पळणारा असा पहिलाच! "साहेब, नदीकडे चाललोय. असुन्ताबाईंना काही निरोप?"

पिस्तूल काढायला हवं होतं. मी म्हटलं, "तिच्याकडे लक्ष ठेव."

"ठेवतो," म्हणाला. त्याचा हेवा वाटला. मीही गेलो असतो! पण पाय उचलला नाही.

११ डिसेंबर
हरलो. शरणागती झाली. ज्याला स्पेनला जायचं त्याला जहाज मिळेल. माझ्या कंपनीत मोजायलासुद्धा माणसं उरली नव्हती.

पाद्री म्हणाले, "आता इथे राजाही उरला नाही. कोणाची परवानगी हवीये तुला? कुस्को शहरात चल. त्या बायका तिकडेच गेल्यात."

जातोय. काय बोलायचं ते वाटेत घोकतोय. तिच्या भाषेत. इतक्या वर्षांत धड शिकलोही नाही!

१९ जानेवारी १८२५
कुस्को. बाजारात विचारत फिरलो. एक भाजीवाली म्हणाली, "कुठली असुन्ता? इथे चुलीगणिक एक आहे! तुमची कोण ती?"

माझी कोण? तिथून निघून आलो.

४ मार्च
जहाजाचं बोलावणं आलं. नाही म्हणून कळवलं. ती सापडल्याशिवाय हलायचं नाही. मूल आता झालं असेल. मुलगा असो, मुलगी असो, नाव माझं देणार.

पाद्री येऊन गेले. "रविवारी देवळात ये," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते.

६ मार्च
मुलगा आहे. पाद्र्यांनी त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं आणि बापाचं नाव विचारलं. असुन्ता म्हणाली, "मातेओ हुआमान. माझा नवरा." तो टोपी हातात धरून तिच्या शेजारी उभा होता. मी मागे खांबापाशी होतो. सगळ्यांबरोबर आमेन म्हणालो.