कंपासपेटीच्या उलट्या बटणाबद्दल

प्रिय अंकुश,

आधी तक्रार. कुशलमंगल विचारण्यात अर्थ नाही, कारण तू कुशल असशीलच, आणि माझं तू विचारणार नाहीस.

तर तक्रार गंभीर आहे. तू मला करून दिलेल्या हेडफोन ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटण उलटं फिरतं. समस्त भूमंडळावर आवाज वाढवायचा असेल तर बटण घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरवतात. देवाला प्रदक्षिणाही त्याच दिशेनं घालतात. फक्त गारखेड्यात, माझ्या टेबलावर, माझ्या गुरुजींचा टेप केलेला आवाज वाढवायला अपसव्य व्हावं लागतं! हे मी निमूट सोसलं, कारण समोर तू होतास आणि भांडायला मजा होती. आता भांडणाचीही सोय राहिली नाही, म्हणून लेखी देतोय.

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. स्वाती पुण्याहून आली होती. संध्याकाळी ती आणि वहिनी माझ्याकडं आल्या आणि ॲम्प्लिफायरची तुझी ती पेटी तुझ्या लेकीनं माझ्यासमोर उघडली. आत जे दिसलं त्याबद्दल तुला विचारल्याशिवाय मला राहवत नाही. पण ते मागाहून सांगतो. बटणाचा मुद्दा अजून संपलेला नाही.

आठवतं ना, पहिल्या दिवशी मी बटण फिरवलं आणि आवाज कमी झाला? मी म्हणालो, "प्राध्यापक महाशय, आपण दोन तारांची अदलाबदल केलीत." तू भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. एकदा "चुकलं" म्हणाला असतास तर आभाळ कोसळलं नसतं. पण तू फर्दापूरकडचा. वर्गात शुद्ध बोलायचास आणि स्टाफरूममध्ये आलास की गावाकडचं.

"चुकून नाय झालं, मुद्दाम केलंय. शंकराला कुठं पुरी प्रदक्षिणा असती? अर्धं जायाचं, उलटं यायचं. येवढा मोठा शास्त्री तू, तुला येवढं ठाव नाय व्हय?"

मी गुमान बटण उलटं फिरवलं. आजही तसंच फिरवतो.

मुळात ॲम्प्लिफायर हवा होता कुणाला? मी कॅसेटवर समाधानी होतो. पैठणच्या पाठशाळेत मी संस्कृत शिकलो, तेव्हा गुरुजींचे पाठ टेप केले होते. त्या कॅसेटी झिजत चालल्या म्हणून तू त्या मोबाइलवर चढवून दिल्यास. मग म्हणालास, मोबाइलच्या त्या कानात घालायच्या बारक्या बोंडांनी ऐकणं म्हणजे पाप आहे, आणि कुठून तरी एक भलाथोरला हेडफोन आणलास. कानांवर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखा दिसायचा. मोबाइलच्यानं तो वाजेना. "ह्याला रेटा पाहिजे," म्हणालास आणि रेटा तयार करायला बसलास.

त्या रेट्याला घर म्हणून तू स्वातीची शाळेतली कंपासपेटी घेतलीस. झाकणाच्या आत त्रिकोणमितीची सूत्रं अजून आहेत. चौकोनी बॅटरी एका कडेला, मधोमध सर्किटची बोटाएवढी पट्टी, आणि आठ पायांच्या काळ्या किड्यासारखी ती चिप. चिप पक्की डकवायची नाही, खोबणीत बसवायची, हा तुझा हट्ट. का, तर पुढं बदलता यावी. एका चिपेवर समाधान मानेल तो अंकुश कसला! बटण गुलमंडीत एका भंगारवाल्याकडच्या जुन्या रेडिओचं. ते निवडायला तू मला भर उन्हात तासभर उभं केलंस आणि वर म्हणालास, "दागिना घेतोय, घाई करू नको."

आणि तो चिपांचा दिवस! स्टाफरूममध्ये तू मला डोळे मिटायला लावलेस आणि एकामागून एक चिपा बदलून गुरुजी ऐकवलेस. मीही रंगात आलो. पहिलीला म्हणालो, प्रसन्न आहे, पण थोडी चंचल. दुसरीला म्हणालो, आता कसं गंभीर, धीरोदात्त, आवाजाला वय आलं. सगळे माझ्याकडं आदरानं बघत असणार असं मला मिटल्या डोळ्यांनी दिसत होतं. डोळे उघडले तर तू टेबलावर डोकं ठेवून हसत होतास.

"शास्त्री, चिप बदललीच नव्हती. दोन्ही डाव एकच!"

त्यानंतर कॅन्टीनचा पोऱ्याही मला चहा देताना विचारायचा, "सर, धीरोदात्त देऊ का चंचल?"

हसून घे. पण लबाडी तुझ्या अंगात होती हे त्या दिवशीच मी ओळखायला हवं होतं.

दर दोन-चार महिन्यांनी तू पेटी न्यायचास. "कंडेन्सर बदलतो," म्हणायचास. "जरा चांगल्या जातीचा मिळालाय." दुसऱ्या दिवशी आणून द्यायचास आणि मी कानाला लावून म्हणायचो, "वा! काय उठाव आला! हा कंडेन्सर राहू दे." तू म्हणायचास, "राहू दे ना, कुठं चाललाय तो." एवढं म्हणून चष्मा पुसत बसायचास. अंकुश, तू तेव्हा चष्मा का पुसायचास?

आता कालचं सांगतो.

चहा झाला. स्वाती म्हणाली, "काका, पप्पांनी माझ्या कंपासचं काय केलंय ते मला ऐकायचंय." मी मोठ्या ऐटीत हेडफोन तिच्या कानांवर ठेवला आणि आवाज वाढवायला बटण उलटं फिरवायचं असतं, ते तुझ्या शंकरासकट समजावून सांगितलं. तिनं थोडा वेळ ऐकलं. मग कपाळाला आठी. अगदी तुझी आठी.

"काका, हे डावीकडं फार जोरात वाजतंय."

"तुझ्या बापानं केलंय ते," मी म्हणालो. "बटण सोडून त्याचं काही चुकत नाही."

"अहो, पण खरंच. उजवीकडं नीट आहे, डावीकडं कान फुटतोय."

मी ऐकून बघितलं. मला दोन्हीकडं सारखंच वाजत होतं. अगदी तराजूत तोलल्यासारखं! मी तिला म्हणालो, तुमच्या पिढीचे कान बिघडलेत. तिनं हेडफोन माझ्या डोक्यावरून काढला, उलटा केला, म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर, आणि परत ठेवला.

उजव्या कानात गुरुजी ओरडायला लागले. डाव्यात कुणीच नव्हतं.

मला वाटलं तार निघाली. मी वाटी दाबली, तार हलवली, बॅटरी काढून परत घातली. स्वाती नुसती बघत होती. मग तिनं माझ्या कपाटातला पेचकस मागितला, पट्टी वर उचलली आणि खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं एक निळा चौकोनी तुकडा होता आणि त्याच्या पोटात पितळेचा इवलासा पेच. फक्त डाव्या बाजूला. उजवीकडं तसलं काही नाही.

"हे पप्पांनी नंतर लावलंय," ती म्हणाली. "हा पेच फिरवला की फक्त डावीकडचा आवाज वाढतो." मग हळू आवाजात, "काका, तुम्हाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं का?"

मी वहिनींकडं बघितलं. त्या पदरानं कप पुसत होत्या, कप कोरडाच होता.

"मला त्या डबीतलं काय कळत नाय, भावजी," त्या म्हणाल्या. "पण ह्ये तुमच्या डाव्या अंगाला कधी बसले नाय, येवढं खरं. मी एकदा इचारलंबी. तर म्हणले, तिकडून बोललेलं वाया जातं."

तिकडून बोललेलं वाया जातं! अंकुश, हे वाक्य तू बायकोला सांगितलंस आणि मला नाही?

आणि मग मला एकेक दिसायला लागलं. स्टाफरूममध्ये तू नेहमी माझ्या उजवीकडची खुर्ची धरायचास, कारण तिथं वारा येतो. टपरीवर उजवीकडं उभा राहायचास, कारण तिथं सावली. लग्नात जेवायला उजवीकडं, कारण वाढपी तिकडून येतो. संध्याकाळी फिरायला निघालो की मला रस्त्याच्या आतल्या बाजूला ढकलायचास आणि परत फिरलो की स्वतः बाजू बदलायचास. मी तुला म्हणालोसुद्धा होतो, हा काय ग्रहासारखा माझ्याभोवती फिरतोस? तू म्हणालास, "भौतिकशास्त्र हाय, तुला नाय कळायचं."

तुझ्या गावच्या विहिरीवरचंही आठवलं. आपण फर्दापूरला गेलो होतो. मी काठावर बसलो होतो आणि तू कुठून तरी हाक मारलीस, "शास्त्री!" मी उजवीकडं बघितलं. तू डावीकडं, बांधावर उभा होतास. हसलास. मग आणखी एकदा मारलीस, मी परत उजवीकडं बघितलं. मला वाटलं, पोरकटपणा चाललाय. मी रागावलो. तिसऱ्या वेळेला तू हाक मारली नाहीस. येऊन उजवीकडं बसलास आणि बराच वेळ पाण्यात खडे टाकत राहिलास. त्यानंतरच पेटी पहिल्यांदा "कंडेन्सर बदलायला" गेली होती ना?

रागवायला मला पूर्ण अधिकार आहे. मित्राच्या कानाचा कारभार मित्राला न विचारता चालवायचा ही कुठली रीत? मी तुला माझ्या बहिणीच्या भांडणापासून लग्न राहून गेल्याच्या हकिकतीपर्यंत सगळं सांगितलं. आणि तू पेच फिरवत बसलास!

पण रात्रभर विचार केल्यावर एक गोष्ट कबूल करावी लागते. तू एकदा बोलला होतास. "कान जरा दाखवून घे की डॉक्टरला," असं सहज, चहा ओतताओतता. आणि मी काय म्हणालो होतो? आख्खं कॉलेज ज्याच्या कानावर उच्चार शिकतं, त्याला तू कान दाखवायला सांगतोस? वर हसलो. तूही हसलास. मला ते बोलणं ऐकवायचं नाही, हे तू तेव्हाच ठरवलं असणार. मला दुखवायचं नाही आणि गुरुजीही सुटू द्यायचे नाहीत. त्यावर तुला एक निळा तुकडा सुचला. मनुष्याला सुधारता येत नाही, तर त्याचं यंत्र सुधारावं!

बरं, एवढं केलंस तर पुढचंही करायला राहायचं होतंस. स्वाती म्हणते, पेच आता टोकाला आलाय. ह्यापुढं फिरत नाही. तिनं नवा, मोठ्या ताकदीचा तुकडा बसवून द्यायची तयारी दाखवली. बटणही सरळ करून देते म्हणाली, दोन तारांचं तर काम. मी दोन्हीला नको म्हणालो. बटण उलटंच राहू दे. ते फिरवताना दर वेळी मी तुझ्याशी भांडतो, आणि घरात तेवढंच संभाषण होतं.

वर्गाचंही तुला सांगायला हवं, जे मी आजवर स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. हल्ली डाव्या बाकांवरच्या मुली पाठ म्हणतात तेव्हा मी नुसती मान डोलावतो. त्या चुकत असतील तर चुका घेऊन घरी जातात. त्यांना वाटतं, सर मवाळ झाले. आणि परवा नळाला पाणी आलं. आपल्या शहरात पाणी येणं हा केवढा सोहळा, तुला सांगायला नको. सगळी गल्ली तोटी उघडी ठेवून आधीच्या त्या हवेच्या फुसफुशीची वाट बघते. मीही तोटी उघडून शेजारीच, तोटी आणि दार डाव्या हाताला ठेवून, पुस्तक घेऊन बसलो होतो. बादली भरून, वाहून, पाणी उंबऱ्याबाहेर गेलं तेव्हा शेजारच्या काकू आल्या. "सर, किती हाका मारल्या! झोपला होता का?" मी म्हणालो, हो, डोळा लागला. पुस्तक माझ्या हातात उघडं होतं. त्यांनी ते बघितलं.

तेव्हा आता वचन देतो. तुला दिलेलं वचन मोडलं तर विचारायला तू येणार नाहीस, म्हणून वहिनींसमोर दिलंय. येत्या आठवड्यात मी कान दाखवायला जातोय. वहिनी सोबत येणार आहेत, म्हणाल्या, "तुम्ही तिथंबी संस्कृतात टाळाल." डॉक्टर डाव्या कानाशी काही कुजबुजले तर मी अंदाजानं मान डोलावणार नाही. यंत्र लाव म्हणाले तर लावीन. वर्गात मुलींना उजव्या बाकांवर बोलावीन आणि कारणही सांगीन, वारा किंवा सावली न सांगता. आणि तुझी पेटी शेवटच्या बॅटरीपर्यंत जपीन.

बटणाची तक्रार मागं घेतो. ती खरी तक्रार नव्हतीच. बहिरेपणाचंही मला एवढं भय नाही. म्हातारपणी सगळेच थोडे होतात. मला काळजी वेगळीच आहे. तू गेल्यापासून संध्याकाळी घर फार शांत असतं. ते खरंच शांत असतं, की मला ऐकू येत नाही, हे सांगायला इथं दुसरं कुणी नाही.

तुझ्या डाव्या हाताला बसणारा,
माधव