पंजाबरावांची पोरगी

१० नोव्हेंबर
दारव्ह्याहून जीपमध्ये कोंबून आले, पण पोचले एकदाची पिंपळदरीला! पंजाबराव काका बाबांचे जुने दोस्त. जिल्हा परिषद यायच्या आधी इथला कारभार पाहणाऱ्या लोकल बोर्डाचा इतिहास लिहायचं काम त्यांनीच मला दिलं. आधी ते त्यांच्या मुलीकडे, शीलाकडे होतं, ती अचानक नागपूरला शिकायला गेली म्हणे. माझं नशीब! कांताकाकूंनी पाटावर बसवून ओटी भरली. काकांनी चारचौघांत सांगितलं, "आजपासून उज्ज्वला आमचीच पोरगी हाये." बाबा गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. वेड्यासारखी रडले.

११ नोव्हेंबर
बोर्डाच्या जुन्या सभागृहात बसून लिहिते. सागवानी खुर्च्यांवर बोटभर धूळ, एक तेवढी लख्ख पुसलेली. ती माझी! काका म्हणाले, बोर्ड मोडायच्या शेवटच्या सभेतून त्यांचे वडील रागानं उठून गेले, कोरम तुटला आणि ती सभा संपलीच नाही. मी हसले. आपल्याकडच्या सभा तशाही कुठे संपतात!

१४ नोव्हेंबर
जेवून आले तर सगळ्या खुर्च्या माझ्या खुर्चीकडे वळलेल्या. पोरांचा चावटपणा, दुसरं काय. पण वरची धूळ जराही विस्कटलेली नव्हती. आणि विडीचा वास येत होता.

१६ नोव्हेंबर
भर दुपारी कुणीतरी खाकरलं. मग दुसरं. म्हातारी माणसं सभेआधी खाकरतात तसं. काकांना म्हटलं, मी परत जाते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, पोरगी म्हटलं ना तुले, मग घरचं काम घरच्यानंच पुरं करा लागते.

१७ नोव्हेंबर
कांताकाकू रडत सगळं बोलून गेल्या. तुटलेला कोरम पुरा करायला सासऱ्यांची ती खुर्ची घरच्याच लेकरानं भरायची. त्यांचा दीर बसला, तो परत आलाच नाही. यंदा पाळी शीलाची होती.
म्हणून ओटी. म्हणून लेक.
काका, बाबांचे दोस्त ना तुम्ही?

१८ नोव्हेंबर
सकाळीच बॅग भरली. काका म्हणाले, जीपपर्यंत सोडतो. विश्वास ठेवला — पुन्हा! वाटेत सभागृहापाशी गाडी थांबवली, तुझा चार्जर राह्यला म्हणाले. मी आत गेले आणि बाहेरून कडी लागली.

काका दाराबाहेर रडतायत. त्याचं मी काय करू?

दिसत कुणीच नाही — पण धूळ दबतेय, एकेका खुर्चीवर —

विचारतायत, पंजाबरावची पोरगी हजर आहे का.

मी नाही. मी दारव्ह्याची, माझे बाबा —

बाहेरून काका ओरडले, "हाये! हजर हाये!"

आता हात वर करा म्हणतायत. नाही करणार. नाही — उजवा हात आपोआप — याच हातानं लिहिते आहे, तो व—