म्हशीच्या सुया आणि गावाची अब्रू

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (जावयाने पाठवलेलं तेल लावू नकोस, त्याला कशातलं काही कळत नाही.) मी बरा आहे. गावाला मात्र शहाण्यांची साथ आलीय.

जनावरांच्या दवाखान्यात मी तेवीस वर्षं कंपाउंडर, पण असली चोरी कधी पाहिली नव्हती. गेल्या वर्षी आमच्या सुया नाहीशा व्हायला लागल्या. म्हशीला टोचायच्या, दाभणासारख्या. नशा करणारी पोरं (पोरं कसली, चाळिशीचे बाप्ये) त्याच दंडात खुपसायची, एकच सुई चौघांत फिरायची. मग सरकारी नर्सबाई दर मंगळवारी आमच्या मागच्या शेडमध्ये बसू लागल्या. वापरलेली सुई डब्यात टाका, नवी घ्या, जखम असेल तर दाखवा. मदतीला काडी. हा पूर्वी त्यांच्यातलाच, व्यसन सुटून सहा वर्षं झालीत, अंगाने नावाप्रमाणेच. चोऱ्या थांबल्या, बांधावर सुया दिसेनाशा झाल्या. झालं, गावाची अब्रू गेली. सुया बांधावर पडायच्या तोवर ती शाबूत होती, डब्यात पडू लागल्या तशी गेली.

निवृत्त हेडमास्तरांनी गेल्या मंगळवारी आमच्याच दवाखान्यात सभा भरवली. सुया वाटणं म्हणजे आगीत तेल, या एका वाक्यावर ते पाऊण तास बोलले. (शाळेतही त्यांचा एक धडा वर्षभर पुरायचा.) तेवढ्यात शेडमधून नर्सबाईंची हाक आली. जाऊन पाहतो तर सुई बदलायला आलेला गावातला वेल्डर भिंतीशी आडवा, ओठ निळे, श्वास बंद. अख्खी सभा दारात दाटली.

"आधी पोलिसांना कळवा," हेडमास्तर म्हणाले.

"आधी वाटेतून सरका," काडी म्हणाला, आणि त्याने वेल्डरच्या मांडीत उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. बाई तोंडावर मास्क धरून पिशवीने हवा भरत राहिल्या. दोन-तीन मिनिटं अख्खी सभा सांगितल्याप्रमाणे बाजूला उभी राहिली. या गावात असं पहिल्यांदाच घडलं. मग वेल्डर खोकला, डोळे उघडले आणि चप्पल कुणी नेली म्हणून भांडू लागला. काडी भिंतीकडे तोंड करून रडला. हेडमास्तरांनी घसा खाकरला, उरलेलं भाषण पुरं केलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला: शेड बंद. माणूस वाचला तरी मुद्दा सोडायचा नाही, याला म्हणतात शिक्षण.

घरी सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. एकमताने म्हणजे माझाही हात वर होता. हेडमास्तरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि तो आपोआप गेला. काडी समोरच उभा होता. मग त्याने सभेच्या खुर्च्या उचलून ठेवल्या. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ता. क. २. वेशीजवळची तुझी बंद खोली दर मंगळवारी हवी आहे. नाही म्हणू नकोस.

ता. क. ३. नाही म्हणालीस तरी उशीर झालाय. कुलूप मी परवाच तोडलं. काडीने आणि मी मिळून चुना मारला. तुझ्या कपाटाला मी हात लावलेला नाही. (नर्सबाईंनी लावला, सुया ठेवायला. तुझ्या साड्या आता माझ्याकडे आहेत.)