भोंग्याने दिलेली ओळ

हार्लेम, न्यूयॉर्क
रविवार, १३ जुलै १९५८, संध्याकाळचे पावणेआठ. टायवरचा डाग लिंबाने घासून ती खिडकीत वाळत घातली आहे. वाळेपर्यंत हे पत्र.

ती. लुव्हीनिया आत्याच्या सेवेशी,
थर्मनचा सा. न. वि. वि.

तुमचा हुकूम बजावला. तुमचा मुलगा जिवंत आहे, जेवतो, आणि त्याच्याकडे त्याच्या मापाचा निदान एक सूट आहे. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचू नका. पुढे माझी शोभा आहे.

तुम्ही बजावलं होतं की रॉस्कोला तीन ऑगस्टला, म्हणजे बाहेरगावी गेलेले सगळे वर्षातून एकदा घरी येतात त्या परतीच्या रविवारी, चर्चला यायला सांग, पण होझियाकाकांची वाचा गेल्याचं अवाक्षर काढू नकोस. बापाची कीव करून येणारा मुलगा मला नको, असं तुम्ही लिहिलं होतंत. मी ते पत्र खिशात घेऊनच गेलो, म्हणजे ऐन वेळी शब्द चुकायला नको.

क्लब तळघरात आहे. दारावर ‘रॉस्को टोलिव्हर आणि साथी, दर रविवारी दुपारी’ असं रंगवलंय. हो आत्या, रविवारी दुपारी, आपल्याकडे दुसरं प्रवचन चालतं त्याच वेळी. रॉस्कोने ही वेळ मुद्दाम मागून घेतली असेल असं मी म्हणत नाही. मला तसं फक्त वाटतं.

मला स्वयंपाकघराच्या दाराशी एक टेबल मिळालं. टेबल कसलं, ताटलीला पाय लावले होते. दोन पेयं घेतलीच पाहिजेत असा तिथला नियम. मी आल्याचा सोडा मागितला. वाढणारी बाई, ऑर्थिया तिचं नाव, वाकून म्हणाली, “राजा, की दूधच कोमट करून आणू?” पुढच्या टेबलांवर काळे चष्मे लावलेली विद्वान मंडळी होती. तळघरात त्यांना कसलं ऊन लागतं, देव जाणे.

मग रॉस्को आणि त्याचे तीन साथी आले. ड्रमवाल्याचं त्या ड्रमांशी जुनं वैर असावं. रॉस्को वाळलाय, पण सॅक्सोफोनचा तो भोंगा तोंडाला लावला की काकांसारखाच खांदा पाडतो. तिथली पद्धत अशी की गाणं चालू असतानाच एकेकाने मधे आपली करामत दाखवायची, आणि ती झाली की लोकांनी टाळ्या वाजवायच्या. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. टाळ्या झाल्या की कार्यक्रम संपला असं समजून मी दर वेळी टोपी घेऊन उठत होतो. शेवटी ऑर्थियाने टोपीच काढून नेली.

तासाभराने रॉस्कोने साथीदारांना थांबवलं, डोळे मिटले आणि एकट्याने एक ओळ वाजवली. आत्या, ती काकांची ओळ होती. पैलतीराच्या स्तोत्रातली पहिली. तिसऱ्या शब्दावर काकांचा आवाज चिरतो ना, तिथे भोंगाही चिरला. मग तो थांबला.

विद्वानांनी माना डोलवल्या. त्यांना ती शांतता फार आवडली. पण आपल्या चर्चमध्ये काकांसारख्या डीकनने ओळ दिली आणि तो थांबला, की त्याचा एकच अर्थ असतो: आता मंडळींनी ती ओढून गायची. माझी बुद्धी विचारात पडेपर्यंत मी उभा राहून ओळीचं उत्तर गाऊ लागलो होतो. आपल्याकडे ओढतात तसं, पूर्ण ओढून. सोडा टायवर सांडला तो तेव्हाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण अर्ध्यावर सोडलेली ओळ काकांना खपत नाही, म्हणून गात राहिलो. तेवढ्यात ऑर्थियाने ट्रे खाली ठेवला आणि खालच्या सुरात साथ धरली. मग स्वयंपाकघरातून आचारी. मग दारावरचा आडदांड माणूस. सगळे आपल्याच दक्षिणेकडचे निघाले. रॉस्कोने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि दुसरी ओळ दिली. स्तोत्र आम्ही शेवटपर्यंत नेलं. विद्वान आमच्याकडे पाहत होते आणि कुठे टाळी वाजवावी ते त्यांना कळत नव्हतं.

नंतर तो माझ्या टेबलाशी आला. मालक त्याच्या आधीच येऊन, मला आत कुणी सोडलं याची चौकशी करून गेला होता. रॉस्को म्हणाला, “थर्मन, एवढा वाढलास आणि अजून घाईच करतोस. बाबा आणखी थांबतात.” मी परतीच्या रविवारचं सांगितलं. त्यावर हसून म्हणाला, “म्हातारा अजून तशीच ओळ देतो? शेजारच्या गावापर्यंत जाणारी?”

मी ग्लासात पाहत राहिलो.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “फेब्रुवारी.” आत्या, एवढा एकच शब्द माझ्या तोंडून गेला.

त्याने टेबलावर सांडलेला सोडा रुमालाने पुसला. मग म्हणाला, “दर रविवारी मी ती ओळ देतो, आणि लोक उत्तर द्यायचं सोडून तिच्यावर टाळ्या वाजवतात.” आणि म्हणाला, “भोंगा घरात आणायचा नाही, असं त्यांनी मला सांगितलंय. भोंग्याशिवाय मी येणार नाही. तेव्हा विषय संपला. तुझा सोडा पिऊन टाक.”

माझ्याकडून काम बिघडलं. रागवा, पण वाळीत टाकू नका.
तुमचा भाचा,
थर्मन

*

पाइन बेंड, दक्षिण कॅरोलायना
गुरुवार, १७ जुलै

चि. थर्मनला, तुझ्या त्या दुर्दैवी टायसकट आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला तू चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. गुपित राखायचं असतं तर तुला कशाला पाठवलं असतं? रॉस्कोला कळायला तर हवं होतं, पण ते आईने कळवता कामा नये. तेव्हा उगाच झुरू नकोस, आधीच अंगावर मांस नाही.

इकडची हालहवाल छान आहे. नव्या पाळकसाहेबांनी विजेवर चालणारा ऑर्गन आणलाय. आजारी फ्रिजसारखा आवाज करतो. त्यांचं म्हणणं, डीकन टोलिव्हरना आता ओळ देता येत नाही, आणि ऑर्गन असताना असल्या जुन्या रडगाण्यांची गरजही नाही. परतीच्या रविवारी ओळ द्यायला कुणी मिळालं नाही, तर ती पद्धत त्या दिवसापासून बंद. हे त्यांनी तुझ्या काकांच्या समोर सांगितलं, आणि पुन्हा मोठ्याने सांगितलं, जणू वाचेबरोबर त्यांचे कानही गेलेत.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. ड्रमवाल्याचं आलं तेव्हा तोंड फिरवून बसले. तू उत्तर दिलंस तो भाग मात्र काठी आपटून पुन्हा वाचायला लावला. मग मान हलवून काठी उचलली, वर धरून ठेवली, ठेवली, मला वाटलं आता हात दुखेल, आणि मग खाली टेकवली. तेवढं थांबायचं असतं म्हणे. रॉस्कोला सांग, तुझं बरोबर आणि थर्मनचं चूक, असा निकाल लागलाय. या घरात रॉस्कोचं बरोबर ठरल्याची ही पहिलीच वेळ.

आता भोंग्याचं. सहा वर्षांपूर्वी तुझे काका जे बोलले ते दारात उभी राहून मी स्वतः ऐकलंय. “ते वाजंत्र या घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही,” असं म्हणाले होते. घराच्या. चर्चबद्दल ते काही बोलले नव्हते, आणि आता बोलायची त्यांना सोय नाही. मी यांच्यासमोर हे दोनदा म्हणून पाहिलं. काठी आपटली नाही. रात्री भोंगा शेजारी मिसेस गॅस्किन्सकडे झोपेल, मी बोलून ठेवलंय.

पीच यंदा चांगले उतरलेत. ते उतरले म्हणून कळवते, कुणाला बोलावण्यासाठी नाही.
मायेला उणं पडू देऊ नये,
तुझी आत्या

*

हार्लेम
रविवार, २७ जुलै, सकाळचे साडेसहा. बॅग भरून झाली, उघडून पुन्हा तपासली.

ती. आत्याच्या सेवेशी सा. न. वि. वि.

तुमचं पत्र रॉस्कोला वाचायला दिलं. उंबऱ्याचं वाचून म्हणाला, “आईने वकिली करायला हवी होती.” मग काठीचा भाग पुन्हा वाचला आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ रस्ता पाहिला, रस्त्यात पाहण्यासारखं काही नसताना. शेवटी एवढंच विचारलं, की बाबा हल्ली कुठल्या बाकावर बसतात. ओळ दिल्यावर काठी टेकेपर्यंत थांबायचंय, तेव्हा काठी दिसली पाहिजे.

आम्ही शुक्रवारच्या बसने निघतो. भोंगा मांडीवर येईल. त्या रविवारपुरतं क्लबच्या विद्वानांना दुसऱ्या कुणाची तरी शांतता ऐकावी लागेल.

काकांना सांगा, या वेळी मी घाई करणार नाही. बाकी भेटीत, लोभ तोवर टिकवून ठेवावा.
थर्मन

ता. क. तुम्ही पाठवलेल्या दहा डॉलरचा हिशेब: क्लबचा प्रवेश १.५०. आल्याचा सोडा, एक पोटात आणि एक अंगावर, १.५०. ऑर्थियाला बक्षीस ०.५०. टाय शेवटी धोब्याकडेच, ०.४०. टपाल ०.०६. शिल्लक ६.०४, समक्ष देईन. बसची दोन्ही तिकिटं रॉस्कोने काढली. त्याच्याकडून तुमचं येणं: सहा वर्षांचे परतीचे सहा रविवार. पैकी एक तीन तारखेला जमा होईल. बाकीचे पाच मांडून ठेवायला त्यानेच सांगितलंय.